न घेतलेली कार्डं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण एक साधा तक्रार अर्ज मनातून जात नाही. त्यात कुणाचा पैसा गेला नव्हता, कुणाला खरचटलंही नव्हतं. मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, त्याची कारणं वेगळी होती. पण या अर्जाबद्दल कधीतरी लिहायचं होतं.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, माजलगाव धरणाच्या बाजूच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. गणपतीचे दिवस जवळ आले होते. शांतता समितीची बैठक, मंडळांचे परवाने, बंदोबस्ताचं वाटप यांतून मान वर काढायला फुरसत नव्हती. अशाच एका सकाळी ठाणे अंमलदाराने एका बाईंना माझ्याकडे पाठवलं. त्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होत्या. गावात सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणतो.

"जयभीम साहेब," म्हणून त्या बसल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या. मुलीचा फिजिओथेरपीला नंबर लागला होता. मुदतीत फी भरली तरच जागा राहणार होती. शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव होतं, कारण घरात पगार एकट्या त्यांचाच. पण बँकेने कर्ज अडवलं होतं. त्यांचा क्रेडिट स्कोअर पडला होता आणि अहवालात वेगवेगळ्या बँकांनी क्रेडिट कार्डासाठी केलेल्या चौकशांची रांग होती.

"यातल्या निम्म्या बँकांची नावंबी मी ऐकली न्हाईत साहेब. माझ्या नावानं कुणीतरी अर्ज टाकतंय."

"ओटीपी कुणाला दिलात का?"

"कुणालाच न्हाई."

"पैसे गेले?"

"न्हाई."

मी मनात त्याच क्षणी अर्ज खाली ठेवला. पैसा गेला नाही, कार्ड कुणी वापरलं नाही, मग गुन्हा कसला? वर त्या म्हणाल्या की काळजीने रोज मोबाईलवर स्कोअर बघतात. तेव्हा मी शहाणपण शिकवलं. म्हणालो, "रोज बघता म्हणूनच तो पडतोय. बघणं बंद करा. बंदोबस्त उरकला की चौकशी लावतो."

हे मी कुठेतरी ऐकलं होतं. खातरजमा केली नव्हती. गणवेशातला माणूस ठामपणे बोलला की लोक विश्वास ठेवतात. त्यांनीही ठेवला.

विसर्जन शांततेत पार पडलं. मग मी अर्ज काढला आणि बँकेच्या शाखेत गेलो. व्यवस्थापक बीडचेच होते, समजावून सांगणारे. ते म्हणाले, "साहेब, स्वतःचा स्कोअर स्वतः हजारदा बघा, एक गुण कमी होत नाही. पण कार्डाचा अर्ज केला की ती बँक तुमची चौकशी करते, आणि तिची नोंद राहते. कार्ड मिळो न मिळो. एखाद-दुसऱ्या चौकशीने फार बिघडत नाही. थोड्या दिवसांत अशा चौकश्या साचल्या की वरच्या कार्यालयाला वाटतं, ही बाई दारोदार उधारी मागत फिरतेय."

त्यांनी ताजा अहवाल दाखवला. पूर्वीच्या चौकशांखाली आणखी दोन नव्या होत्या. त्या सिस्टर माझ्याकडे येऊन गेल्यानंतरच्या होत्या.

"जुन्या चौकशांसाठी मी वर विनंती करणार होतो," व्यवस्थापक म्हणाले. "पण या दोन ताज्या बघून त्यांनी थेट नकार कळवला."

मी त्या दोन तारखा वहीत उतरवून घेतल्या.

धागा आमच्या एका हवालदाराने आणला. हा माणूस ठाण्यात कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त असायचा, पण रिकाम्या हाताने कधी परतला नाही. धान्याच्या मोंढ्याजवळच्या मोबाईलवाल्याने त्याला सांगितलं होतं की एका एजन्सीची पोरं गावोगाव कार्डाचे अर्ज भरून घेतात. कार्ड मंजूर झालं का, याच्याशी त्यांना घेणं नसतं. पैसे मिळतात ते अर्जामागे. त्या पोरांत एकजण सिस्टरच्या सख्ख्या भावाचा मुलगा होता.

त्याला बोलावलं. आवाज चढवायची वेळच आली नाही. पोरगं खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगू लागलं.

"महिन्याचा आकडा भरला न्हाई तर काढून टाकतात साहेब. आधी माझ्याच नावानं टाकले. मग मित्रांचे संपले. मग घरच्यांचे."

"एकाच माणसाचे इतके अर्ज?"

"एजन्सीकडं लई बँका हायत. एकीकडून झालं की दुसरीकडं टाकायचं."

हवालदाराने विचारलं, "तुझ्या बापाचाबी टाकला का बे?"

"टाकला की. त्यायला पगार न्हाई म्हणून लगीच नाकारला."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "आत्याच्या फोनवरचा ओटीपी तुला कसा मिळायचा?"

पोराला प्रश्नच कळला नाही. "आत्याच सांगायची ना."

सिस्टरना बोलावून घेतलं. भाच्याला समोर बघून त्या आधी त्याच्यावरच चिडल्या. "तू हितं कावून? जेवलास का?" मग मी विचारलं, "तुम्ही म्हणालात, ओटीपी कुणालाच दिला नाही."

"न्हाईच दिला साहेब. ह्यानं मागितला तेवढा ह्याला सांगितला." बोलता बोलता त्या थांबल्या. "हा म्हणजे घरचा हाय. पोराची नोकरी टिकावी म्हणून सांगायचे. ओपीडीत गर्दी, फोन कानाला, कुठली बँक ते कोण बघतंय? नंतर बँकेतून फोन आला की कार्ड नको म्हणायचे. कार्ड घेतलंच न्हाई, म्हटल्यावर झालं काय?"

घरच्याला दिलेलं 'दिलं' या सदरात मोडत नाही, हे मला तेव्हा कळलं. माझ्या प्रश्नात फक्त परकी माणसं येत होती, घरची नाहीत. माझ्याकडे अर्ज देऊन गेल्यावरही त्यांनी भाच्याला दोनदा ओटीपीचा नंबर सांगितला होता. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

पोराला बाहेर बसवलं. मी सिस्टरना जे सुचवलं, ते लिहिताना आजही हात जड होतो. म्हणालो, "जबाबात एवढंच सांगा की त्याने परस्पर अर्ज केले, तुम्हाला माहीत नव्हतं. गुन्हा दाखल होईल. त्याची प्रत लावली की या चौकश्या अहवालातून काढून घेता येतील. कर्जाची वाट मोकळी होईल."

"आन ह्याचं?"

"अटक होईल. पुढे कोर्ट बघेल."

मुलीची फी भरायचे दिवस सरत आले होते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शेवटी त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "नंबर मी सांगितला साहेब. तसंच लिहा."

तसंच लिहिलं. गुन्हा न नोंदता अर्ज निकाली निघाला, चौकश्या अहवालात तशाच राहिल्या. एजन्सीबद्दलचा अहवाल वर पाठवला, त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. पोराने काम सोडलं. मुलीची जागा त्या वर्षी गेली.

बदलीचा आदेश आला तेव्हा मी रुग्णालयात गेलो. स्कोअर बघणं बंद करा, हा माझा सल्ला चुकीचा होता, हे मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. ड्रेसिंगच्या टेबलाशी उभं राहून सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे मी बघत ऱ्हायले असते तर नंबर सांगितल्यावर पयला नवा अर्ज दिसला असता?"

"दिसला असता."

"मग दुसरा झालाच नसता. मी इचारलं असतं त्याला."

"हो."

त्यांनी पट्टी पुरी बांधली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. मी निघालो.

वर्षभर नवी चौकशी झाली नाही, सिस्टरच्या पगारातून आधीच्या एका कर्जाचे हप्ते वेळेवर जात राहिले, आणि पुढच्या प्रवेशाला कर्ज मंजूर झालं. हे हवालदाराने फोनवर कळवलं. मला बरं वाटलं, पण त्यात माझं श्रेय काही नव्हतं.

त्यानंतरच्या नोकरीत तक्रारदाराला 'ओटीपी कुणाला दिलात' असं मी कधी विचारलं नाही. 'घरातलं कोण कोण मागतं' असं विचारायचो, आणि लोक बोटांवर मोजू लागायचे. एखाद्याने मला ठाऊक नसलेली गोष्ट विचारली की 'माहीत नाही, विचारून सांगतो' एवढंच म्हणायला शिकलो. ठाण्याच्या खुर्चीत बसून हे वाक्य उच्चारायला मला फार वर्षं लागली. त्याची किंमत एका मुलीने एक वर्ष देऊन मोजली.