दोन सह्या

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायचं तर सरळ लिहिते, वळणं मला जमत नाहीत. माझ्या वहिनीचं, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोचं, घर गेलं. लोक म्हणतात हॉटेलवाल्यांनी घालवलं. काही जण माझ्या मुलाला बोल लावतात. मला कोणी बोल लावत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझं माहेर कोकणात, खाडीतल्या एका छोट्या बेटावर. आमच्याकडे त्याला जुवा म्हणतात. होडीशिवाय तिथे जाता येत नाही. नऊ घरं, माड, भाताचे चार तुकडे आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. विहीर आमच्या जमिनीत, पण पाणी नऊही घरांचं. वैशाखात घरटी चार कळशा, आणि दुपारनंतर विहिरीत कळशी सोडायची नाही. जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

लग्न करून मी दिल्लीला आले. नवरा केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आमची उमर गेली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. हिंदी मी सरोजिनी नगरच्या भाजीवाल्यांशी भांडून शिकले. नवरा गेल्यावर मुलाने मला गुडगावला आणलं, चौदाव्या मजल्यावर. तिथे माझं काम एवढंच, की बेल वाजली की पार्सल घ्यायचं आणि स्वयंपाकवालीला आज काय करायचं ते सांगायचं. तेही सूनबाई तिला आधीच मोबाइलवर सांगून ठेवायची.

आता हक्कसोडीचं सांगते. आमच्याकडे वडील गेले की बहिणी आपला वाटा भावाच्या नावे सोडून देतात. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते. सही न करणारी बहीण मग बहीण राहत नाही, वाटेकरीण होते. आमचे वडील गेले तेव्हा माझा मुलगा आजारी होता, मला जाता आलं नाही. सही राहिली ती राहिलीच. पुढे कधी विषय निघाला की भाऊ हसायचा. "तुझी सही कशाला हवी गो? तू काय माझ्यावर केस घालणार आहेस?" मग एके दिवशी तोही गेला. जुव्यावर वहिनी एकटी उरली. तिची एकुलती लेक पलीकडच्या काठावर दिलेली.

माझा मुलगा हॉटेलं बांधणाऱ्या एका कंपनीत आहे. त्यांना समुद्राकाठी, खाडीत, जिथे होडीनेच जावं लागेल अशी जागा हवी होती. मुलाने सहज म्हणून माझ्या माहेरचा सातबारा काढून पाहिला. त्यात माझं नाव निघालं.

"आई, अगं तू तर जमीनदारीण निघालीस यार!" त्याने कागद माझ्यासमोर नाचवला. "मामाच्या जमिनीत निम्मा वाटा तुझा."

"तो माझा नाही, तुझ्या मामीचा आहे."

"कागदावर तुझा आहे ना? बस. मामीच्या घराला कोणी हात लावत नाही. रिकामी जागा पडली आहे, तेवढीच."

त्याच आठवड्यात त्याचा साहेब बायकोला घेऊन जेवायला आला. सूनबाईने मला आतून बोलावून त्यांच्यासमोर बसवलं. "ये आयलंड माँजी का ही है," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने पाहुण्यांना माझी ओळख करून दिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. साहेबाने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले आणि बोलत सुटले. माड सांगितले, होडी सांगितली, खाडीतले शिणाणे, कालवं असले शिंपले सांगितले. साहेब मन लावून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "माँजी, पीने का पानी है वहाँ?"

मी म्हटलं, "बिल्कुल. नारियल जैसा मीठा. पूरे खाड़ी में ऐसा कुआँ नहीं."

घरटी चार कळशांचं मी सांगितलं नाही. विसरले असं म्हणता येईल, पण मी विसरले नव्हते. खुर्ची परत घेतली जाईल असं वाटलं.

त्यानंतर पंधरवड्यात मी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केलं. माझ्या वाट्याचं काय करायचं ते तो करील, असा कागद. मला तो हिंदीत नीट समजावून सांगितला गेला होता. मी दोनदा विचारलंही. मग सही केली. घरी येताना मुलाने गाडी थांबवून मला आइस्क्रीम दिलं. मी सगळं खाल्लं.

महिन्याभरात मोजणीवाले जुव्यावर पोचले. ते कोणाकडून आले हे वहिनीला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की नणंदेचं नाव कागदावर आहे तोवर घर पक्कं नाही. आयुष्यात तालुक्यापलीकडे न गेलेली ती बाई गाडीत बसून दिल्लीला आली. गावातला एक जण तिला स्टेशनपासून आमच्या दारापर्यंत सोडून गेला. बरोबर सुकट, सोलं, आठ नारळ आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद.

"वन्सांनू, रागावू नका," तिने पाणी पिण्याआधीच सुरुवात केली. "तुमचा नाव रवलाहा कागदार. तुमचो भाव आळशी. आता लोका मोजूक येतत. माझ्या जिवाक घोर लागलो."

मी म्हटलं, "आधी हातपाय धू. कागद पळून जातो का?"

कागद पळून गेला नाही. मी मात्र चार दिवस पळत होते. तिला मी दिल्ली दाखवत फिरले. किल्ला दाखवला, मेट्रोत बसवलं. सरोजिनी नगरच्या बाजारात तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. एका दुकानापुढच्या कपड्यांच्या ढिगाकडे ती बघत राहिली. "एवढी कापडा कोणाची? माणसा मेली की काय इतकी?" मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, "वन्सांनू, तेवढा कागदाचा करून टाकूया. मगे माका तुमी खंयव फिरवा."

पाचव्या दिवशी सकाळी मी मुलाला स्वयंपाकघरात गाठलं. "तिला काय सांगू?"

तो चहा ओतत होता. "काही सांगू नकोस. कागद आणलाय ना तिने? कर सही."

"आणि तुला दिलेली?"

"ती रजिस्टर झालेली आहे. ही साध्या कागदावरची, हिचा काही उपयोग नाही. तिचं समाधान होईल. बिचारी एवढ्या लांबून आलीय."

 चार दिवस हे मीच मनात म्हणत होते. त्याने फक्त मोठ्याने म्हटलं.

दुपारी वहिनीने जेवणाच्या टेबलावर कागद उलगडला. तिला अक्षर येत नाही. "तुमीच वाचा. लिवणाऱ्यान काय लिवल्यान ता माका खंय कळता? मोठ्यान वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचलं. मी अमुक यांची मुलगी, वडिलांच्या मागे जुव्यावरच्या घरात, विहिरीत, माडांत आणि जमिनीत माझा जो काही हक्क आहे तो मी माझ्या भावाच्या विधवेच्या नावे, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय कायमचा सोडत आहे. 'राजीखुशीने' हा शब्द मी नीट, तोडून वाचला. वहिनी मान हलवत होती, देवळात पोथी ऐकतात तशी. वाचून झाल्यावर मी सही केली. चौथीतली माझी सही, गोल गोल अक्षरांची. सगळे तिला चांगली म्हणतात.

वहिनी उठली. पिशवीतून साडी काढली, हिरव्या काठांची, आणि माझ्या हातात दिली. "तुमच्या भावान दिवची ती मी देतय." आणि माझ्या पाया पडायला वाकली. वयाने ती माझ्याहून मोठी. मी तिला अडवलं नाही. अडवताना तोंडातून काही निघेल ही भीती वाटली.

ती गेली. मुलाने माझा वाटा कंपनीला दिला. पुढचं सगळं तिच्या लेकीकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. कुंपण आलं. लाकडी खोल्या आल्या, त्यांच्यापुढे पोहायचा तलाव. आपल्याच खाडीत पाय बुडवायला येणाऱ्या लोकांना तलाव कशाला, असं वहिनीने तिथल्या गड्याला विचारलं म्हणे. विहिरीवर पंप बसला. दुसऱ्याच उन्हाळ्यात पाणी खारट लागू लागलं. बाकीची घरं एकेक करून कंपनीला वाटे देऊन काठावर गेली. वहिनी माझी सही घेऊन तालुक्याला गेली. तिथल्या माणसाने कागद बघितला आणि परत दिला.

मग तिचा फोन आला. "वन्सांनू, हो कागद चलना नाय म्हणतत. तुमी आदी झिलाक सही दिल्यात म्हणतत. खरा काय?"

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "मला कागदातलं काय कळतं? मी चौथी शिकलेली बाई. मुलाने जिथे सांगितलं तिथे सही केली."

 तिकडून तिचा सुटकेचा आवाज आला. "माका ठावक होता. तुमका फसवल्यान. वन्सां असा करूची नाय."

तिने हे गावभर सांगितलं. माझी दया करणारे फोन येऊ लागले. मी ते सगळे घेतले.

दोन महिन्यांनी पुन्हा तिचाच फोन. आवाज उत्साहाचा होता. लेकीने वकील पाहिला होता. मी येऊन लिहून द्यायचं, की मला कागद समजला नव्हता, मुलाने फसवून सही घेतली. तेवढ्यावर वकील दावा लावणार. घर आणि विहीर सुटायची आशा आहे. "तुमी फकत खरा काय ता सांगा," ती म्हणाली.

मी तेव्हा बाल्कनीत उभी होते. खाली टँकर पाणी सोडत होता, त्याची घरघर येत होती. हो म्हटलं असतं तर कदाचित तिचं घर वाचलं असतं आणि माझा मुलगा फसवणारा ठरला असता. त्याने फसवलं नव्हतं. आणि साक्षीच्या पिंजऱ्यात मला कोणी आडवं विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं?

"वहिनी, मला सगळं कळत होतं," मी म्हणाले. "तुझा कागद वाचला तेव्हाही."

 फोन कट झाला की काय ते बघायला मी तो कानापासून दूर धरला. मग तिचा आवाज आला, हळू. "मगे इतक्या मोठ्यान वाचलात कित्याक?"

मग तीच म्हणाली, "ऱ्हवांदे. कोर्टात खोटा सांगू नका. उगाच झिलाक त्रास." आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. मध्यंतरी एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "आई, मामीने घर द्यायला हो म्हटलंय. लेकीकडे गेली राहायला. चलो, सुटला विषय."

मी म्हटलं, "अच्छा." आणि त्याला भात वाढला.