सूर्याकडचे कण आणि एक कारागीर

आमच्या अंतराळयानातल्या उपकरणाच्या धातूच्या पट्ट्या रबाळ्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एक म्हातारे कारागीर घासायचे. मापात बसलेली शेवटची पट्टी त्यांनी नख फिरवून बाजूला ठेवली.

“खरखर हाय.”

“काका, उद्या द्यायचीय.”

“हिच्यातून जानार काय?”

मी सांगितलं, “सूर्याकडचे विद्युतभारित कण. सारखाच जोर दिला की हलका आधी पोचतो, जड मागून. त्यावरून कण ओळखायचा.”

“मंग वाटंत या खरखरीत अरकला तर कसा वलखाल?”

मी पट्टी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी पट्टी पुन्हा घासली.

यान गेल्यावर आलेखात हायड्रोजन आणि हेलियम अगदी वेगवेगळे उमटले. तो कागद मी त्यांना नेऊन दाखवला. नाव विचारायचं तेव्हाही राहिलं, कारण ते चष्मा लावून शेजारच्याला बोलावत होते, “ये रं, सूर्याकरचं आलंय बघ!”