रंगाखालचं लोखंड

तोंडवलीत आमच्या दारात एक जुनी जीप असते. तिच्या तोंडाशी माणसाच्या मांडीएवढा जाड पोलादी बंपर आहे. आधीच्या मालकाने तो हौसेने डोंगरात गाडी घालायला म्हणून बसवून घेतला होता. आमच्याकडे आल्यावर तिला डोंगर काही दिसला नाही. नवऱ्याने बंपरच्या मधोमध एक हूक लावला आणि समुद्रातून आलेल्या होड्या वाळूवर ओढायला तिला जुंपलं. होडीचा दोर हुकात अडकवायचा आणि जीप मागे मागे घ्यायची, की होडी वर येते. ओढणाऱ्याला प्रत्येक होडीतून मूठ-दोन मुठी मासळी मिळते.

होडी वर येत असताना एकाला नाळीशी, म्हणजे तिच्या पुढच्या टोकाशी, खांदा लावून उभं राहावं लागतं. नाहीतर ती वाळूत कलंडते. त्या वर्षी मोसम संपता संपता नाळीशी नवरा होता आणि जीपवर धाकटा दीर. दोर ताणला, बंपर हुकापाशी फाटला आणि हूक उडून नवऱ्याच्या तोंडावर बसला. डावा डोळा गेला.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "जीवावरचा डोळ्यार गेला." असं म्हणणाऱ्याला मी चहा विचारणं बंद केलं. ज्याचं जातं त्यालाच कळतं. दीर गोव्याला नोकरीला लागला आणि सणालाही घरी येईना. नवऱ्याने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. मी दिला, मनातल्या मनात पुष्कळ दिला, आणि पुढे मला कळलं की तोही बिचारा फुकटच बोलणी खात होता.

एक डोळा गेला की अंतर कळत नाही. नवरा चहा कपात ओतायचा तो बशीत पडायचा. पायरी उतरताना आधी पाऊल चाचपून टाकायचा. होडीवर त्याला आता कोणी घेणार नव्हतं आणि हे त्याला कोणी तोंडावर सांगतही नव्हतं. सगळे नुसते म्हणायचे, आराम कर. राहिली होती ती जीप. बंपर दुरुस्त झाला तर नारळी पौर्णिमेनंतर आपण पुन्हा किनाऱ्यावर उभे राहू, एवढं एकच त्याने धरून ठेवलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसला माणूस.

गॅरेजात गाडी न्यायला तो तयार नव्हता. तिथे चार जण जमणार, कसं झालं विचारणार. वेल्डिंगचं मशीन आमच्या पडवीतच होतं. गावातल्या होड्यांचे नांगर, इंजिनांची बैठक, सगळं तोच जोडून द्यायचा. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की उरलेला डोळा सांभाळा, त्या उजेडाकडे बघायचंसुद्धा नाही. एका दुपारी तो वेल्डिंग करताना डोळ्यांसमोर धरायची काळी काच पुसत बसलेला मला दिसला. मी ती हातातून काढून घेतली.

"मी जोडतंय," म्हटलं.

"भाकरी करपयतंस तू. लोखंड काय जोडतलंस?"

"करपलेली खातास मां?"

तो हसला. अपघातानंतर तो पहिल्यांदा हसला असेल. मग त्याने स्टूल ओढलं आणि माझ्याकडे, जीपकडे, त्या उजेडाकडे पाठ करून बसला.

असं आमचं काम सुरू झालं. बाहेर पाऊस, पडवीत जीपचं तोंड आत घेतलेलं, आणि नवरा भिंतीकडे बघत मला शिकवतोय. त्याने मला कानाने शिकवलं. "बांगडे तळताना येता तसो आवाज येवक होयो," तो म्हणाला. "तडतडलो तर हात वर घे." हे मात्र मला समजलं. तव्यावरच्या आवाजावरून मासळी ओळखायला मला कोणी शिकवायला नको. भंगारातल्या लोखंडावर मी हात बसवला. सुरुवातीला रॉड चिकटायचा, मी चिडायचे, तो भिंतीला म्हणायचा, "रागान लोखंड जुळणा नाय." पण हळूहळू आवाज एकसारखा यायला लागला आणि मला, खरं सांगते, त्या वाईट दिवसांतही बरं वाटायला लागलं.

मग बंपरला हात घातला. आधी रंग खरवडायचा होता, आणि तिथेच माझा हात थबकला. आमच्याकडे मोसमाआधी होडी रंगवतात. उरलेला रंग जीपला. "होडयेक लागलो तो गाडयेकय लागाक होयो," असं सासरे म्हणायचे. त्यांच्यानंतर आम्हीही दरवर्षी तेच करत आलो, नारळ फोडून, हळदकुंकू लावून. लाकडाला रंग दिला की लाकूड टिकतं, मग लोखंडानेही टिकावं. आत खारं पाणी जातं, वाळू साठते, ती काढावी, गंज घासावा, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. वरचा निळा निघाला, खाली हिरवा, त्याखाली लाल, मग परत निळा. आमच्या घरातली सगळी वर्षं पापुद्र्यांनी सुटत होती. त्याखाली पोलाद लागेल म्हणून मी खरवडत राहिले.

फाटलेल्या जागेवर रॉड टेकवला तर तडतड झाली आणि भोक पडलं. बाजूला टेकवला, तिथेही भोक. आतून ओल्या, काळ्या गंजाचा लगदा खाली गळला.

"काय झाला?" नवरा भिंतीकडे बघूनच म्हणाला.

"काय नाय."

"माका कान आसत गो."

मी काच खाली ठेवली. "लोखंड खंय आसा?" म्हटलं. "सगळो रंगच आसा."

दिराने जोरात ओढलं नव्हतं, दोर चुकीचा बांधला नव्हता. हूक त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी उडणारच होता. आम्ही दोघांनीही हे मनात एकदमच म्हटलं असावं.

"मोडीत घाला ही गाडी," मी म्हणाले.

"आणि मी काय करू?"

मी खाली गळलेला गंज झाडूने गोळा करायला लागले.

"जाड प्लेट मार वरसून," तो म्हणाला. "मी हळू ओढतलंय."

मी प्लेट मारली आणि तिच्यावर हूक परत बसवला. कशाला मारली विचारू नका. मला त्याची दया येत होती आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस सांगितलेलं काम करत बसतो. प्लेट चांगली होती, जोडही चांगला आला, पण तो ज्याला धरून बसला होता ते कुजलेलं होतं. वरून निळा रंग दिला. गावातले लोक येऊन बंपरवर थापा मारून गेले. "घट आसा," म्हणाले. नवरा मान डोलवायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, आणि पहिली होडी किनाऱ्याला लागली तेव्हा नवरा जीप घेऊन वाळूवर उभा होता. दोर हुकात पडला. नाळीशी उभं राहायला शेजारचा एक तरणा माणूस पुढे झाला, ज्याच्या बायकोला सातवा महिना होता. मी त्याला हाताने बाजूला केलं आणि खांदा लावून मी उभी राहिले.

"बाजूक हो गो," नवरा गाडीतून म्हणाला.

"कित्याक? हूक घट आसा मां?"

इंजिन चालू होतं. जीप वीतभर मागे गेली, दोर वाळूवरून उचलला गेला आणि माझ्या तोंडासमोर सरळ झाला. बंपरच्या निळ्या रंगात, माझ्या जोडाच्या काठाला, केसासारखी एक भेग गेली. दोर आखूडच होता, मला ती स्पष्ट दिसली. मी घाबरले होते, पण हलले नाही.

त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला, वाकून बंपरखाली हात घातला आणि त्या भेगेवरून बोट फिरवलं. मग स्वतःच दोर सोडला.

लोकांनी होडीखाली ओंडके घातले, हाळी दिली. नवरा चाचपत आला आणि माझ्या उजव्या हाताला, मला चिकटून, होडीला खांदा लावून उभा राहिला. त्याचा गेलेला डोळा माझ्या बाजूला होता. त्यामुळे मी रडत होते ते त्याला दिसलं नाही.