आबांच्या गाडीतलं सरकीचं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. आणि मित्राला सांगायचं म्हणजे ते संध्याकाळपर्यंत शोभाच्या कानावर जाणार. माझ्या बाकीच्या फजित्या मी हौसेनं सांगतो. धुळ्याच्या आमच्या ऑफिसात लोक माझ्या फजित्यांवर डबे संपवतात. साहेबांच्या चपला घालून घरी गेलो ती, भलत्याच मांडवात जेवून आहेर देऊन आलो ती. का सांगतो एवढ्या? माणूस हसला की पुढचं विचारत नाही — म्हणून असेल. ही एक मात्र मागे ठेवली. हिच्यातही हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण आठवलं की माझा हात आधी खिशाकडे जातो.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. शोभा माहेरी अमळनेरला गेलेली, आणि तिला आणायला म्हणून मी आठवड्याची रजा टाकून एसटीनं पोचलेलो. पहिल्या आखाजीचा जावई म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. त्याला कुणी 'असं का केलं' म्हणून विचारत नाही. तो चुकला तरी पाटावर बसून चुकतो.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. कापसाचे व्यापारी, बोलणं कमी, आणि दारात पांढरीशुभ्र अँबॅसिडर. ती चालवायला सुकलाल. चाळिशीचा, किडकिडीत, आधी सात वर्षं गावातल्या एका तेलाच्या गिरणीत कामाला होता. त्याचा भाऊ अजून तिथंच. सुकलाल त्या गाडीला म्हशीसारखं धुवायचा. तिच्या अंगावर दुसऱ्या कुणी हात ठेवलेला त्याला खपायचा नाही.

आदल्या दिवशी जेवताना मी आबांसमोर बोलून गेलो की इंजिनातलं मला बरंच कळतं. काय कळत होतं? एकदा मित्र स्कूटर दुरुस्त करत होता तेव्हा मी बॅटरी धरली होती. पण आबा मान हलवून 'वा' म्हणाले, आणि तो 'वा' मला चढला.

आखाजीच्या दुपारी सगळं घर खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खाऊन आडवं झालं होतं. सुकलाल सणाला त्याच्या गावी गेलेला. मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. बेत साधा होता. आबा उठून ओट्यावर येतील, मी हात पुसत बाहेर निघेन आणि म्हणेन, 'एक नट ढिला होता, बसवला.' बस. एवढ्या एका वाक्यासाठी मी त्या उन्हात पाठीवर पडलो होतो.

पोटाखाली एक मोठा नट दिसला. तो घट्ट करायला गेलो — आणि उलटा फिरवला. तो तेल काढायचा नट होता. पहिली धार कोपरावर आली, दुसरी लग्नातल्या सफारीवर. नट हातातून निसटला, मातीत सापडला, कसाबसा परत बसवला तोवर निम्मं तेल अंगणात होतं. खापराच्या चुलीतली राख आणून त्यावर लोटली. मांजर लोटतं तशी — दुसरं काय म्हणू?

मग तेल मोजायची दांडी ओढून पाहिली. तेल खुणेच्या कितीतरी खाली. सणाचा दिवस, दुकानं बंद. आबा कुठल्याही क्षणी उठणार. कोठीच्या खोलीत सरकीच्या तेलाचा डबा होता, पंधरा किलोचा, तळणासाठी आणलेला. तेल ते तेल — असं मी स्वतःला सांगितलं. वर्तमानपत्राचं नरसाळं केलं आणि अडीच तांबे ओतले. दांडीवर खूण बरोबर आली. मला तर वाटलं, जमलं.

त्या रात्री मी आमरस चमच्यानं खाल्ला. नखं काळी होती ना. सासूबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, हसून म्हणाल्या, "जावई भलताच शहरी शे." सगळे हसले. मीही हसलो, आणि डावा हात मांडीखाली ठेवला.

जेवण झाल्यावर चप्पल घालायला गेलो तर तळव्याला काहीतरी टोचलं. तांब्याची चकती. चार आण्याच्या नाण्याएवढी, मधे भोक. वायसर. नट आणि टाकीच्या मधे बसतं ते, ज्याच्यामुळे तेल झिरपत नाही. राखेत पडलं असणार आणि चपलेला चिकटून आलं. मी ते खिशात टाकलं. सकाळी कुणी नसताना बसवू म्हणून.

सकाळी कुणी नसताना सुकलाल आला. त्यानं गाडीखालचा डाग पाहिला आणि तिथंच उकिडवा बसला. "आबा, तेल गळी ऱ्हायनं," म्हणाला. घरातलं कुणी आजारी पडल्यासारखा.

मग सुरू झाला गळतीचा शोध. आणि शोधाचा प्रमुख कोण? मी. आबा म्हणाले, "जावईबापू आहेतच, त्यांना दाखव." सुकलालनं खाली वर्तमानपत्र पसरून थेंब कुठं पडतो ते पाहिलं, आणि मी तोंडात येईल ते नाव घेतलं. वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय म्हणालो. वर, कारण मला त्याची नजर खाली जाऊ द्यायची नव्हती. वैशाखातल्या त्या उन्हात त्यानं दुपारभर झाकण उघडून पॅकिंग बदललं, आणि मी सावलीत खुर्चीवर बसून सूचना केल्या. एक हात खिशात. बोटांत ती चकती. अख्खं घर ज्याचं कारण शोधत होतं ते माझ्या मांडीला टोचत होतं. तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलंस? मीही विचारतो. सांगून काय झालं असतं? आबा हसले असते. जावयाची फजिती म्हणून गावभर चार दिवस चाललं असतं. एवढंच. पण भीतीला हे कुठं कळतं — तिला फक्त आबांचा चेहरा दिसत होता.

गळती थांबली नाही. तिसऱ्या दिवशी सुकलालनं इंजिनाची खालची बाजू फडक्यानं कोरडी केली, अक्कांकडून रांगोळी मागून ती सगळीकडे उडवली आणि गाडी सुरू ठेवली. इंजिन तापलं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, "शोभा, काय तळी ऱ्हायनी वं?" शोभा म्हणाली, "कुठं काय, मी तर तांदूळ निवडतेय."

अंगणात भज्यांचा वास सुटला होता.

सुकलाल गाडीखालून बराच वेळ बाहेर आला नाही. त्याचे पाय तेवढे दिसत होते, हलत नव्हते. मग तो निघाला. म्हणाला, रांगोळीवर ओघळ खालच्या नटापासून आहे, आणि नटाला वायसरच नाही. मग त्यानं बोटावरचा काळा थेंब नाकाशी नेला. मग जिभेला लावला. आणि थुंकला.

"आबा, हाई इंजिननं तेल नई. सरकीनं शे."

"तुले कसं समजनं?"

"सात साल गिरणीमा काढात, आबा. जीभ कशी भुली जाई?"

किती खूश होता तो. तीन दिवसांनी कारण सापडलं होतं ना. त्याला वाटलं आबा पाठीवर हात ठेवतील. आबा त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मी पाहिलं — त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. नट कुणीतरी उघडला. आतलं चांगलं तेल गेलं. गिरणीतलं स्वस्त तेल आलं. आणि गिरणीत भाऊ कुणाचा?

"सुकलाल," आबा हळू म्हणाले, "गाडीले तुना बिगर कोन हात लावस?"

"कोनी नई, आबा." हे त्यानं अभिमानानं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याला प्रश्न कळला.

आणि मी गप्प राहिलो.

नाही — हे खरं नाही. इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा असंच सांगत आलो, की मी गप्प राहिलो. गप्प राहणं त्या मानानं हलकं आहे. आबा माझ्याकडे वळले होते. "जावईबापू, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही सांगा." आणि मी सांगितलं. मी म्हणालो, "आबा, इंजिन काही बोलत नाही. पण किल्ली ज्याच्या हातात, त्याला सगळं माहीत असतं."

वाक्य छान होतं. मी वाक्यं छान करतो.

सुकलालनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, माझ्या खिशातल्या हाताकडे, असं मला वाटलं. मला तेव्हापासून सगळेच खिशाकडे पाहताहेत असं वाटतं. त्यानं किल्ली ओट्यावर ठेवली. जाताना म्हणाला, "आबा, हाई तेल काढाशिवाय गाडी हालाडू नका. इंजिन बसी जाई." चोर ठरवलेल्या माणसानं हे सांगितलं. दारात अक्का उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला निघालो. अक्कांनी सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला, त्याच तेलात तळलेल्या. एसटीत शोभानं एक पुढे केली. ती मी पारोळा येईस्तोवर हातातच धरून बसलो. सुकलालला अमळनेरात पुन्हा कुणी गाडी दिली नाही. तेलचोर म्हणायचे त्याला. हे मला शोभानंच सांगितलं, हळहळत. आणि पुढच्या आखाजीला गेलो तर कोठीच्या खोलीला कुलूप होतं. त्याआधी त्या खोलीला कधी कुलूप नव्हतं. अडीच तांबे कमी झालेला डबा घरच्या बाईला कळत नाही होय? पण अक्कांनी मला आमरस जास्तीचाच वाढला, वाटीत चमचा घालून. त्या चमच्याकडे पाहताना मला जे वाटलं ते मी अजून कुणाला सांगू शकलेलो नाही.

सातेक वर्षांनी ऑफिसच्या कामानं रावेरला गेलो होतो. जीप एका केळीच्या वखारीजवळ थांबली. घडांनी भरलेल्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरवरून एक माणूस उतरला, आणि मी पटकन जीपमागे वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. माझ्या बुटाला नाडी नव्हती.

तो आलाच. केस पिकलेले. "जावईबापू ना?" म्हणाला. आबांची चौकशी केली, अक्कांची केली. गाडीबद्दल विचारलं. गाडी विकली होती, तसं सांगितलं.

"ते वायसर सापडनं का मंग?"

त्याला माहीत होतं का? की खरंच इतकी वर्षं ते एकच कोडं त्याच्या डोक्यात राहिलं होतं — आपल्या हातची गाडी, आणि त्यातली एक चकती गेली कुठं? मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही, म्हणून मला सांगता येत नाही.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणून तो ट्रॅक्टरवर चढला.

ते वायसर माझ्या दाढीच्या डब्यात आहे, ब्लेडांच्या खाली. शोभानं एकदा विचारलं होतं हे कशाचं. मी म्हणालो, स्कूटरचं. हिरवं पडलंय आता. नट मी उघडला. तेल मी ओतलं. आणि ते वाक्यही माझंच.