द्वारकाफुईच्या मागून म्हणणारे

फोन आला तेव्हा मी नंदुरबारच्या कार्यालयात टपाल नोंदवत होते. "ताई, फुई गयी," शेजारची सिंधू एवढंच म्हणाली. फुई म्हणजे माझी आत्या, द्वारकाबाई. मी पेन खाली ठेवलं, आणि मेलं मन बघा, पहिला विचार कसला आला... आता रविवारची वंदना कोण घेणार?

सारंगखेड्याला लोक येतात ते घोडे बघायला. यात्रेच्या दिवसांत पुलापासून गाड्यांची रांग, तंबू, पाळणे, कर्ण्यांचा कलकलाट. त्या गर्दीपासून दोन गल्ल्या आत पत्र्याच्या छपराचं आमचं बुद्धविहार. फुईने ते वर्षानुवर्षं झाडलं, पुसलं, रोज संध्याकाळी मेणबत्ती लावली. तिला अक्षरओळख नव्हती. सगळ्या गाथा बापाच्या तोंडून ऐकून पाठ. ती एक ओळ म्हणायची, थांबायची, मग आम्ही. वस्तीतलं लग्न असो की मयत, पुढे म्हणणारी फुईच. बाकी आम्ही सगळे जन्मभर मागून म्हणणारे.

यात्रेतले पाहुणे चुकून आत डोकवायचे. एकदा गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका पुणेकराने विचारलं, "मावशी, इथे पाहण्यासारखं काय आहे?" फुई म्हणाली, "देखासारखं काही नही भाऊ, बठासारखं शे." बिचारा बसला. चांगला अर्धा तास बसला आणि तिच्या हातचं पाणी पिऊन गेला.

लहानपणी सुट्टीत तिने सगळ्या गाथा माझ्याकडून घोटून घेतल्या होत्या. वस्तीत तिच्याखेरीज त्या पूर्ण येणारी मी एकटीच. पण चारचौघांत पुढे बसून म्हण म्हटलं की माझी दातखीळ बसायची. चुकलं तर? गेल्या यात्रेत कार्यालयातल्या मैत्रिणींना घेऊन गेले होते, पाच मिनिटं विहारात डोकावले. फुईने हात धरला. "आज तू म्हन ना माय. मी मांगेथून म्हनस. मन्हा बाद आठे कोन म्हनी?"

"फुई, मैत्रिणी खोळंबल्यात गं. पुढच्या वेळी नक्की."

"जाय, घोडा देखी ये," म्हणाली आणि हसली. त्यानंतर तीन-चारदा भेटलो. दर वेळी मी काहीतरी निमित्त काढलं.

तिच्या जलदानविधीला, म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या आमच्या विधीला, विहार भरलं होतं. शहाद्याहून विधी सांगायला येणारे गृहस्थ कुठेतरी अडकले, आलेच नाहीत. त्रिशरण-पंचशील सगळ्यांनी मिळून म्हटलं, ते पोरासोरांनाही येतं. पुढे काय? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. सिंधूने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी तिच्या नवऱ्याने मोबाइलवर गाथा लावली, तर मध्येच साबणाची जाहिरात वाजली. अख्ख्या वस्तीच्या मयतींना जिने आवाज दिला, त्या बाईच्या वाट्याला साबण! आणि मला सगळं येत होतं हो. येत असून मी तोंडाला कुलूप लावून बसले. लिहितानाही लाज वाटते.

परवाच्या रविवारी गेले. यात्रा ऐन भरात. किल्ली सिंधूकडे; ती चहाच्या गाडीवर घामाघूम. "ताई, आज कोनीच येवाव नही. सगळा धंदावर शेतस."

मी कुलूप काढलं, झाडून घेतलं, मेणबत्ती लावली आणि जन्मात पहिल्यांदा पुढे बसले. बाहेर कर्ण्यावरून यात्रेत हरवलेल्या माणसांची नावं पुकारत होते. एक ओळ म्हणायची, थांबायचं... मागून काहीच येत नव्हतं. इतकं एकटं मला स्मशानातही वाटलं नव्हतं. तिसऱ्या गाथेत चुकलेच. जिभेवर होतं ते निसटलं. मी कान देऊन बसून राहिले. फुई असती तर खाकरून ती ओळ हातात दिली असती... कोणी दिली नाही. मग ती ओळ तशीच चुकीची म्हटली आणि पुढे गेले, शेवटपर्यंत.

चुकणं इतकं सोपं होतं गं, फुई. तुझ्यादेखत चुकायला मी का घाबरले?