भावजींचा बर्फ

हिमालय कधीही न पाहिलेल्या माणसांत बर्फाची सर्वांत जास्त माहिती आमच्या भावजींना आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे. सत्तरच्या दशकात धामणकर नाक्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. भिवंडी घामाने निथळत असायची आणि हे गृहस्थ लग्नात नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यापुढे उजेड मोजायचा मीटर धरून पुटपुटत, "मीटरचं ऐकलं की बर्फ राखेसारखा येतो." शेवटी ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, ओरडायची, "अहो, अक्षता पडल्या! फोटो काढा!"

एकदा मुंबईच्या गिर्यारोहकांच्या एका मंडळाने हिमालयात न्यायला फोटोवाला हवा म्हणून कळवलं. त्यांना नमुना हवा होता : झाडीत, कडक उन्हात, पांढऱ्यावर धावणारा माणूस. तो आठवड्याच्या आत पोचायला हवा होता. भावजींनी शेजारच्या लूमवाल्याकडून मागांवर उडालेल्या रुईची दहा पोती मागितली. "ले जाओ भाई, मगर करोगे क्या?" "बर्फ!" जवळच्याच दिघाशी गावाच्या बाजूला पानं झडलेल्या सागात आम्ही ती रुई पसरली, फांद्यांवर अडकवली. लाकडं वेचणारी एक म्हातारी थबकली. "जंगलाची गादी भरायची हाय काय रं?"

धावायचं मी होतं, पण दोन फेऱ्यांतच माझा भाता झाला. मग ताईने पदर खोचला. भावजी मला बजावत होते, "अशा उन्हात बर्फ नि चेहरा दोन्ही मिळत नाहीत. बर्फ सांभाळायचा, चेहरा काळा पडला तर पडू दे." रोलमधला शेवटचा फोटो उरला होता. ताई रुई उधळत, खदखदून हसत धावली. ऐन वेळी भावजींच्या बोटांनी कॅमेऱ्याचं उजेडाचं कडं फिरवलं, बटण दाबलं गेलं, आणि लगेच वाऱ्याने सगळा बर्फ शेतात नेला.

फोटो धुतला तर बर्फाचा पत्ताच नाही, नुसता पांढरा कागद! ताईचा मात्र दात न् दात दिसत होता. मी भडकलो, "अहो, शेवटच्या क्षणी केलंत काय हे?" ते खाली मान घालून म्हणाले, "हसत होती रे ती. काळी कशी करू?" दुसरा काढायला ना रुई होती ना वेळ, म्हणून त्याचीच एक प्रत पाठवली. मंडळाने दुसरा माणूस नेला आणि भावजी जन्मात बर्फाला गेले नाहीत.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो फोटो अजून स्टुडिओत आहे. कुणी गिऱ्हाईक विचारतंच, "काश्मीर का हो?"

"हो," भावजी म्हणतात, "दोघं गेलो होतो."

मी दिघाशीचं नाव काढत नाही.