कोलियसचे तुरे

कुणाच्या दारात कोलियसला, त्या रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाला, तुरे आलेले दिसले, की माझं डोकं फिरतं. ओळख असो नसो, मी फाटक उघडून आत जाते आणि ते निळे तुरे खुडून टाकते. घरातली माणसं म्हणतात, म्हातारीला खूळ लागलंय. लागू दे.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आम्ही सांगलीत राहत होतो. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हळदीची अडत होती. थोरली बहीण, आक्का, कवठे महांकाळला दिलेली. तिला खोकला लागला, पुढं खोकल्यातून रक्त पडायला लागलं, आणि सासरच्यांनी तिला मोटारीत बसवून आमच्या दारात आणून सोडलं. लहान लेक मात्र तिकडंच ठेवून घेतली. क्षयाला तेव्हा औषध नव्हतं, त्यामुळं त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पण राग यायचा तो आलाच.

परसातल्या पडवीत आक्काची खाट टाकली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला नेलं, तर येताना तिनं तिथल्या कुंडीतली कोलियसची एक फांदी मोडून पदराखाली लपवून आणली. मध्ये गर्द तांबडी, कडेनं पोपटी, दातेरी काठांची पानं. फांदी पाण्यात ठेवली आणि तिला पांढरी मुळं सुटली, तेव्हा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा आक्का हसली. मग दर खेपेला एक फांदी चोरून आणायची. पिवळ्यावर लाल ठिपके असलेली, शाईसारखी जांभळी, पांढऱ्या शिरांची. रॉकेलचे रिकामे डबे मी गोळा करायचे. वर्षभरात पडवी अशी भरली, की खाटेपर्यंत जायला वाट उरली नाही.

सकाळी उठून ती आधी शेंडे खुडायची. शेंड्यालाच तुरा येतो. "तुरा आला की झाडाचं बळ तिकडं जातंया," ती म्हणायची. "पानं बारकी व्हत्यात आन् झाड संपतं." माझ्या हातून एखादा शेंडा राहिला तर अंगावर खेकसायची, आणि मग खोकत बसायची.

लेकीला काय पाठवावं, हा तिच्या जिवाला घोर. तिच्या हातचा खाऊ तिकडं कुणी घेणार नव्हतं आणि पोरीला अक्षर येत नव्हतं. झाडाला कोण नाही म्हणेल? तिनं सगळ्यांत देखणा, तांबड्या पानांचा डबा निवडला. अण्णा बाजाराला कवठ्याला जायचे, त्यांच्या हाती दिला आणि म्हणाली, "पोरीला म्हणावं, रोज सकाळी शेंडा खुडायचा. तुज्या आईनं सांगितलंया म्हणावं."

अण्णा परत आले आणि म्हणाले, "तुळशीच्या कट्ट्यापाशी ठेवलंय."

त्या दिवसापासून आक्का अण्णांच्या बाजाराची वाट बघायची. ते आले की विचारायची, केवढं झालं, पान केवढं झालं. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहून हातानं दाखवायचे. एवढं. पुढच्या खेपेला आणखी थोडं वर. त्या दिवशी आक्का भाकरी खायची, वेणी घालून मागायची. ही आता उठणार, असं मलाही वाटायला लागलं होतं.

एकदा अण्णा फारच खुशीत आले. "अगं, फुलांनी लगडलंय! निळं तुरं, लय देखणं दिसतंय." दिवसभर दुकानात असलेल्या माणसाला हळदीपलीकडचं काय कळणार? झाड फुललं म्हणजे ब्येस चाललंय, एवढंच त्यांना ठाऊक.

आक्कानं विचारलं, "पोरगी हात लावत न्हाई व्हय त्याला?"

"ल्हान हाय ती. खेळती आपली," अण्णा म्हणाले.

आक्का भिंतीकडं तोंड करून निजली. दिवेलागणीला मला म्हणाली, "तिला कुणी सांगितलंच न्हाई गं. आई हाय, ह्येच सांगितलं नसंल." दुसऱ्या दिवशी तिनं शेंडे खुडले नाहीत. मी खुडायला लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कुणासाठी?" ताटातली भाकरी तशीच परत यायला लागली. डब्याडब्यातून तुरे वर आले. पानं बारीक होत गेली, आणि माघ सरायच्या आत आक्का गेली.

दिवस झाल्यावर पोरीला बघायला मी अण्णांबरोबर कवठ्याला गेले. तुळशीपाशी झाड नव्हतं. आमचा डबा खुराड्याजवळ होता आणि त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या.

आक्काच्या सासूनं काही लपवलं नाही. "अगं, त्याच दिशी उकळतं पानी वतलं त्यावर. तुज्या अण्णांच्या म्होरं. रोग मातीतनं बी येतो म्हंत्यात, आन् घरात पोरगी हाय. डबा चांगला व्हता, म्हणून ठिवला." अण्णा जमिनीकडं बघत होते. आक्काची लेक दाराआडून माझ्याकडं पाहुण्याकडं बघावं तसं बघत होती.

 परतताना मोटारीत अण्णा आपणच म्हणाले, "झाड मेलं म्हणून कसं सांगायचं तिला? दर खेपेला उलीसं वाढवत न्हेलं. किती वाढवणार? म्हटलं, आता फुलं येऊ द्यावी." थोड्या वेळानं विचारलं, "ऐकून बरं वाटलं असंल न्हवं गं तिला?"

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी येताच अण्णा सरळ परसात गेले. आक्का होती तोवर त्यांनी पडवीत पाऊल टाकलं नव्हतं. आता तांब्या घेऊन एकेका डब्याला पाणी घालायला लागले. माझ्यानं बघवेना. मी पुढं होऊन एका तुऱ्याला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नगं खुडूस," ते म्हणाले. "तिला फुलं लय आवडायची."